तळ आला माथ्यावर

१. कुणी जाऊन पाहिलंय का?

भूगोलाच्या पुस्तकातलं पृथ्वीचं छेदचित्र आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. वर पातळ कवच, त्याखाली जाडजूड प्रावरण, त्याच्याही आत गाभा. ते चित्र फळ्यावर निघालं की वर्गातलं एखादं तरी पोर विचारतंच, "पण सर, हे कुणी जाऊन पाहिलंय का?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मात्र बहुधा घाईत उरकलं जातं: भूकंपाच्या लहरींवरून कळतं, चला पुढच्या धड्याकडे.

लहरींवरून कळतं हे खरंच आहे. पण विचारणाऱ्याला लहर नको असते, दगड हवा असतो. आणि दगडापर्यंत पोचणं फार अवघड. माणसानं खोदलेलं सर्वांत खोल भोक रशियातल्या कोला द्वीपकल्पावर आहे, १२,२६२ मीटर. पृथ्वीच्या केंद्रापर्यंतचं अंतर ६,३७१ किलोमीटर. म्हणजे एवढा खटाटोप करून वाटेचा पाचशेवा हिस्सासुद्धा धड कापला गेला नाही. जमिनीखाली कवच साधारण ३५-४० किलोमीटर जाड असतं, त्यामुळे प्रावरण लांबच राहिलं.

समुद्राखाली कवच पातळ असतं, सहा-सात किलोमीटर. तेव्हा तिथून खोदू, असं अमेरिकी शास्त्रज्ञांनी ठरवलं. १९६१ साली मेक्सिकोच्या ग्वादालूप बेटाजवळ, साडेतीन किलोमीटर पाण्याखालच्या तळाला त्यांनी भोक पाडायला घेतलं. या मोहिमेचा वृत्तांत लिहायला जहाजावर चक्क जॉन स्टाइनबेक हजर होते. भोक गेलं १८३ मीटर. खर्च मात्र इतका वाढत गेला की १९६६ साली अमेरिकी काँग्रेसनं पैसे बंद केले आणि प्रकल्प गुंडाळला गेला. अलीकडे, २०२३ साली, अटलांटिकमध्ये १,२६८ मीटर खोल भोक पाडून प्रावरणाचे दगड वर काढण्यात यश आलं. तेही अशा ठिकाणी, जिथे ते दगड आधीच तळापाशी वर सरकून आले होते.

गंमत अशी की ज्या दगडासाठी ही सगळी यातायात चालली, त्याच्यावर सायप्रस बेटातले शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या बकऱ्या चारत होते. भूमध्य समुद्रातलं हे तिसऱ्या क्रमांकाचं मोठं बेट. त्याच्या मधोमध ट्रूडोस नावाची पर्वतरांग आहे आणि तिचं सर्वांत उंच शिखर ऑलिम्पस १,९५२ मीटरवर आहे. ग्रीक देवांचा प्रसिद्ध ऑलिम्पस तो वेगळा, ग्रीसमधला. इथला माथा पृथ्वीच्या प्रावरणाचा आहे. हे कसं घडलं ते समजायला आधी समुद्राचा तळ तयार कसा होतो ते पाहायला हवं.

२. समुद्राचा तळ कसा घडतो

पृथ्वीचं बाहेरचं कठीण आवरण अनेक तुकड्यांचं बनलेलं आहे. त्यांना भूपट्ट म्हणतात. समुद्राखाली काही ठिकाणी दोन भूपट्ट एकमेकांपासून दूर सरकत असतात. मधे भेग पडते, खालचा दाब कमी होतो आणि प्रावरणाचा थोडासा भाग वितळून शिलारस वर येतो. या शिलारसाच्या वाट्याला तीन प्रकारचं भवितव्य येऊ शकतं.

काही रस थेट तळावर, थंडगार पाण्यात ओतला जातो आणि लगेच थिजतो. तो लाव्हा. काही रस वर येता येता उभ्या भेगेतच अडकतो आणि तिथेच गोठतो. दगडाची एक उभी भिंत तयार होते. तिला डाइक म्हणतात. उरलेला रस खोल कोठारातच राहतो आणि सावकाश निवतो. सावकाश निवल्यामुळे त्यातले स्फटिक डोळ्यांनी दिसण्याइतके मोठे होतात. तो खडक म्हणजे गॅब्रो. आणि या सगळ्याच्या खाली असतं ते, ज्याच्यातून रस निघून गेला ते प्रावरण.

वरून खाली क्रम असा: लाव्हा, डाइक, गॅब्रो, प्रावरण. हा क्रम ध्यानात राहिला की ट्रूडोसची निम्मी गोष्ट कळली. असा आख्खा संच जमिनीवर सापडतो तेव्हा त्याला ऑफिओलाइट म्हणतात. ट्रूडोसचा संच साधारण नऊ कोटी वर्षांपूर्वी टेथिस नावाच्या समुद्रात घडला. तज्ज्ञांच्या मते तो आजच्या अटलांटिकसारख्या महासागराच्या अगदी मधोमध नव्हे, तर एक भूपट्ट दुसऱ्याखाली सरकत होता त्याच्या वरच्या अंगाला फाकलेला तळ होता. टेथिस पुढे मिटत गेला. त्याच मिटण्यात हिमालय उभा राहिला. म्हणून लडाखमध्येही या समुद्राच्या तळाचे तुकडे सापडतात. पण तिथे ते चेंगरून, तुटून, इतस्ततः विखुरलेले आहेत. ट्रूडोसचं वैशिष्ट्य हे की इथे पान फाटलेलं नाही.

३. चढताना खोल जायचं

पायथ्याकडून निघालं की आधी पांढऱ्या चुनखडीच्या टेकड्या लागतात. तो समुद्रतळावर नंतर साचलेला गाळ. मग रस्ता अकाकी नदीपाशी, क्लिरू गावाजवळच्या पुलाकडे येतो आणि काठाच्या दरडीत लाव्हा दिसतो. पण सह्याद्रीत पाहायची सवय असलेल्या डोळ्यांना तो लाव्हा वाटतच नाही. आपल्याकडचा बसाल्ट सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी उघड्या जमिनीवर पसरला, थरावर थर चढत गेला. म्हणून आपले कडे पायऱ्यापायऱ्यांचे. इथे थर नाहीत. अर्ध्या-एक मीटरचे गोलसर लोळे एकमेकांच्या उरावर बसलेले आहेत, खालच्याच्या खळग्यात वरच्यानं अंग चेपून घेतलेलं. याला उशी-लाव्हा म्हणतात. जवळ जाऊन एका लोळ्याची कड पाहा: बाहेरचा बोटभर थर काळपट आणि काचेसारखा, कारण पाण्याचा स्पर्श होताच तो क्षणात गोठला. आतला भाग भुरकट, मधून बाहेर जाणाऱ्या भेगांचा, आणि वायूच्या बुडबुड्यांची बारीक भोकं पांढऱ्या झिओलाइटनं भरलेली. पुण्या-जळगावकडे विहिरी खणताना सापडणारे झिओलाइट ज्यांनी पाहिलेत, त्यांना एवढी एक गोष्ट तरी ओळखीची वाटेल.

आणखी वर चढलं की उशा विरळ होतात आणि डाइक वाढू लागतात. मग एक टप्पा असा येतो की दरडीत डाइकशिवाय काहीच उरत नाही. उभ्या भिंतींना भिंती चिकटलेल्या, किलोमीटरमागून किलोमीटर. भूशास्त्रज्ञांना सुरुवातीला याचंच कोडं पडलं होतं. डाइक म्हणजे दुसऱ्या कुठल्यातरी खडकात घुसलेली भिंत. मग ज्यात घुसायचं तो मूळ खडक गेला कुठे?

उत्तर साधं आहे: मूळ खडक नव्हताच. तळ फाकत गेला आणि प्रत्येक फटीत नवा डाइक भरत गेला. एक हिशेब करून पाहू. समजा तळ वर्षाला पाच सेंटीमीटर फाकतोय आणि एक डाइक एक मीटर जाडीचा आहे. मग एका डाइकइतकी जागा व्हायला वीस वर्षं लागणार. रस्त्याच्या कडेला शंभर मीटर लांबीची दरड आपण दोन मिनिटांत ओलांडतो. तेवढ्यात दोन हजार वर्षांचं फाकणं मागे पडलेलं असतं. पुरावाही दगडातच आहे. डाइकच्या दोन्ही कडा लवकर निवतात, म्हणून त्या बारीक कणांच्या आणि गडद असतात. पण इथे पुष्कळ डाइकना एकच कड आहे! दुसरी कड कुठे गेली? डाइक अजून पुरता निवला नसताना त्याच्या मधोमध पुन्हा भेग पडली, तिच्यात नवा रस घुसला आणि जुन्याचे दोन भाग दोन दिशांना गेले.

ब्रिटिश भूशास्त्रज्ञ इयन गॅस यांनी १९६८ साली 'नेचर'मधल्या लेखात प्रश्न विचारला: ट्रूडोस म्हणजे प्राचीन समुद्रतळाचा तुकडा तर नव्हे? अमेरिकेनं भोक पाडण्याचा नाद सोडून दोनच वर्षं झाली होती. १९७१ साली एल्ड्रिज मूर्स आणि फ्रेड व्हाइन यांनी सविस्तर मांडणी करून त्याला होकार दिला. भूपट्टांचा सिद्धांत तेव्हा नवा होता आणि त्याला हातात धरता येईल असा नमुना हवाच होता.

दगडांनी आणखी एक चमत्कारिक गोष्ट सांगितली. लाव्हा निवताना त्यातली चुंबकीय खनिजं त्या वेळच्या उत्तरेकडे तोंड करून गोठतात. ट्रूडोसच्या लाव्हात ही तोंडं पश्चिमेकडे आहेत. म्हणजे हा सगळा तुकडा नंतर जवळजवळ काटकोनात, घड्याळाच्या उलट दिशेनं फिरला आहे.

डाइकनंतर गॅब्रो लागतो आणि शेवटी माथ्याजवळ जमिनीचा रंगच बदलतो. इथला दगड बाहेरून तांबूस-पिवळसर, फोडला तर आतून गडद हिरवा. हेच प्रावरण. ऑलिम्पसभोवती १,७५० मीटरच्या आसपास आर्टेमिस नावाची सातेक किलोमीटरची पायवाट आहे आणि तिच्या कडेला कुठला खडक संपून कुठला सुरू झाला याच्या पाट्या लावल्या आहेत. अगदी शिखरावर मात्र जाता येत नाही. तिथे लष्करी रडार आहे.

४. मग हे उलटं का?

सर्वांत खालचा खडक सर्वांत उंच कसा बसला? पोळ्यांची चवड डोळ्यांसमोर आणा. चार पोळ्या एकावर एक, आणि खालून मूठ लावून मधोमध वर ढकलल्या. चवड फुगली, पण क्रम तोच राहिला. सर्वांत खालची पोळी अजून खालीच. आता फुगलेला भाग सुरीनं आडवा कापून टाका. मधोमध सर्वांत खालची पोळी उघडी पडेल, तिच्याभोवती दुसरीचं कडं, मग तिसरीचं, आणि चौथी फक्त कडेला. ट्रूडोसचा भूशास्त्रीय नकाशा हुबेहूब असाच दिसतो. सुरीचं काम पावसानं आणि नद्यांनी केलं.

आता मूठ कुणाची? दोन कारणं एकत्र आली. आफ्रिकेचा भूपट्ट उत्तरेकडे सरकत सायप्रसच्या खाली शिरतोय, आणि बेटाच्या दक्षिणेला असलेला एराटोस्थेनिस नावाचा बुडालेला पर्वत त्या वाटेत अडकून बेटाला खालून रेटतोय. दुसरं कारण पाणी. प्रावरणाच्या खडकात पाणी शिरलं की त्यातलं ऑलिव्हीन हे खनिज बदलून सर्पेंटाइन होतं, आणि सर्पेंटाइन हलकं असतं. १०० लिटर आकारमानाचा ताजा खडक घ्या. एका लिटरचं वजन ३.३ किलो, म्हणजे एकूण ३३० किलो. त्यानं साधारण ४० किलो पाणी शोषलं, वजन झालं ३७०. सर्पेंटाइनचं वजन मात्र लिटरला २.६ किलोच्या आसपास. ३७० भागिले २.६, म्हणजे १४२ लिटर. शंभराचे एकशे बेचाळीस झाले! हा फुगलेला, हलका दगड वर येणारच. सर्वांत जोरात तो गेल्या वीसेक लाख वर्षांत आला.

५. समुद्रातल्या कारंज्यांचं तांबं

सायप्रस जगात गाजलं ते तांब्यामुळे, आणि ते तांबंही या तळाचीच देणगी. नवा तळ तापलेला असतो. समुद्राचं पाणी भेगांतून आत झिरपतं, साडेतीनशे अंशांपर्यंत तापतं, वाटेतल्या खडकांतून तांबं, लोह आणि गंधक विरघळवून घेतं आणि कारंज्यासारखं तळावर उसळतं. बाहेरच्या थंड पाण्याची गाठ पडताच विरघळलेली खनिजं तिथल्या तिथे साचतात. हा प्रकार जिवंतपणी चालू असलेला माणसानं पहिल्यांदा पाहिला तो १९७९ साली, पॅसिफिकच्या तळाशी, 'ॲल्विन' या पाणबुडीतून. ट्रूडोसच्या पायथ्याचे लोक त्याच कारंज्यांचे थिजलेले अवशेष हजारो वर्षं खणत होते. उशी-लाव्हात जिथे लाल-पिवळी, गंजल्यासारखी माती दिसे तिथे ते खणत. खूण अचूक होती. गंधकयुक्त खनिज हवेत गंजून ती माती बनते.

तुर्कस्तानच्या किनाऱ्याजवळ उलुबुरुन इथे १९८२ साली एका पाणबुड्याला एका बुडालेल्या जहाजाचा पत्ता लागला. ते इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकाच्या अखेरीचं होतं आणि त्यात सुमारे १० टन तांबं होतं. बैलाच्या ताणलेल्या कातड्याच्या आकाराच्या, पंचविसेक किलोच्या लाद्या. धातूच्या तपासणीतून ते सायप्रसचं निघालं. बेटावर स्कुरिओटिसासारख्या ठिकाणी तांबं गाळून उरलेल्या मळीचे काळे ढीग आजही टेकड्यांसारखे पसरले आहेत. तांबं गाळायला कोळसा लागतो आणि कोळशाला झाडं. प्राचीन वैभवाची वर्णनं करताना हा हिशेब बहुतेक लेखक सोडून देतात. ट्रूडोसचं जंगल अस्पर्श आहे असं कुणी म्हणालं तर खुशाल हसावं.

६. उपाशी मातीवरचं जंगल

तरीही जंगल आहे आणि ते पाहण्यासारखं आहे. प्रावरणाच्या खडकापासून बनलेली माती झाडांच्या दृष्टीनं कमालीची कंजूष. मॅग्नेशियम भरपूर, कॅल्शियम कमी, आणि वर निकेल व क्रोमियमचा भार. सामान्य झाडं अशा जागी खुरटतात. मग जी टिकतात ती इतरत्र क्वचितच दिसतात. पिवळ्या फुलांचं एक बुटकं झुडूप, अ‍ॅलिसम ट्रूडी, फक्त याच डोंगरावर उगवतं आणि निकेल टाळण्याऐवजी पानांत साठवतं. किती? एरवी एक किलो वाळलेल्या पाल्यात निकेल काही मिलिग्रॅम सापडलं तर सापडतं. अशा झुडपांत ते एक ग्रॅमच्या वर जातं. पान खाणाऱ्या किड्यांना ते मानवत नाही, हा झाडाचा फायदा असावा असं मानतात.

माथ्यावर काळे पाइन वृक्ष, वाऱ्यानं पिळवटलेले. खाली ब्रुशिया पाइन. मधल्या उतारावर एक ओक आहे, ज्याचं पान वरून गडद हिरवं आणि चकचकीत, आणि उलटून पाहिलं तर सोनेरी. हा सोनेरी ओक सायप्रसचा राष्ट्रीय वृक्ष. तो चुनखडीवर वाढत नाही. ट्रूडोसचा अग्निज खडक संपला की तोही संपतो. पश्चिमेला, ट्रिपिलोस डोंगराच्या आसपास, आखूड सुयांचा सायप्रसचा देवदार आहे. लेबननच्या देवदाराचा हा भाऊबंद जगात फक्त तेवढ्याच भागात नैसर्गिकरीत्या उरला आहे. एक मोठा वणवा आणि खेळ खलास, इतकी ती जागा लहान.

प्राण्यांत नाव घ्यायचं ते मुफ्लॉन या रानमेंढ्याचं. नवाश्मयुगीन माणसानं सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी तो बेटावर आणला आणि तो रानातच रमला. शिकारीमुळे १९३० च्या दशकात अगदी मोजके उरले होते. पाफोसचं जंगल राखीव झालं तेव्हा तो वाचला. सायप्रसच्या एक, दोन आणि पाच सेंटच्या नाण्यांवर त्याचीच जोडी आहे.

७. पाणी आणि उतरती छपरं

बेटाच्या मधल्या मैदानात वर्षाला जेमतेम ३०० ते ३५० मिलिमीटर पाऊस पडतो. ट्रूडोसच्या माथ्यावर १,१०० मिलिमीटरपर्यंत. कोकणच्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल, पण सायप्रसची बरीचशी शेती त्यावर चालते. भेगाळलेला गॅब्रो हे पाणी धरून ठेवतो आणि झऱ्यांनी सोडतो. म्हणून जुनी गावं त्या पट्ट्यात आहेत. आणि डोंगर घुमटाकार असल्यामुळे नद्या त्याच्यावरून सगळ्या दिशांना निघतात. त्यांच्यावर धरणं बांधली गेली. सर्वांत मोठं कुरिस, ११.५ कोटी घनमीटरचं, म्हणजे आपल्या भाषेत साधारण चार टीएमसी, खडकवासल्याच्या दुप्पट. तरीही २००८ च्या दुष्काळात ग्रीसहून जहाजानं पाणी आणावं लागलं.

हिवाळ्यात वर बर्फ पडतं. त्याची साक्ष गावातली चर्चं देतात. मूळ घुमटावर लाकडाचं तीव्र उताराचं, कौलारू दुसरं छप्पर घातलेलं. बर्फ घसरून पडावं म्हणून. बाहेरून गोठ्यासारख्या दिसणाऱ्या या इमारतींच्या आत भिंतभर बायझंटाइन चित्रं आहेत. आसिनूच्या चर्चमधली सर्वांत जुनी बाराव्या शतकाच्या आरंभीची. अशी दहा चर्चं जागतिक वारशाच्या यादीत आहेत. बेट इंग्रजांकडे असताना त्यांचे राज्यपाल उन्हाळ्यात थंडाव्यासाठी इथे येत. त्यांच्या बंगल्याच्या बांधकामावर १८८० साली देखरेखीला होता तो आर्थर रॅम्बो, कविता लिहिणं सोडून दिलेला फ्रेंच कवी.

८. अमियांडोस

सर्पेंटाइनच्या भेगांत कधीकधी रेशमासारखे पांढरे धागे वाढतात. ते ॲस्बेस्टॉस. माथ्याच्या पूर्वेला अमियांडोस इथे १९०४ ते १९८८ डोंगर फोडून ते काढलं गेलं. दहा लाख टन धाग्यासाठी सुमारे १३ कोटी टन दगड उकरला. त्या धुळीनं फुफ्फुसांचे आजार होतात हे पुढे सिद्ध झालं, पण तोवर कामगारांच्या पिढ्या तिथे खपल्या होत्या. १९९५ पासून ढिगाऱ्यांना पायऱ्या पाडून, वर माती टाकून पाइन आणि झुडपं लावण्याचं काम चालू आहे. गावातल्या जुन्या शाळेत ट्रूडोस जिओपार्कचं माहिती केंद्र आहे. २०१५ पासून हा डोंगर युनेस्कोच्या जागतिक जिओपार्कांपैकी एक आहे. माझ्या मते चर्चं आणि देवदार यांच्याइतकीच ही खाणही पाहिली पाहिजे.

कधी सायप्रसला जाण्याचा योग आला तर बहुतेक सहली करतात तसं गाडीनं थेट माथ्यावर जाऊन फोटो काढून परत येऊ नका. क्लिरूच्या पुलापासून सुरुवात करा, उशा बघा, मग डाइकच्या दरडी, मग गॅब्रो, आणि शेवटी आर्टेमिसची पायवाट. दगड खिशात घालून आणू नका. आणि अमियांडोसच्या बाजूला हिरवट, धागेदार दगड दिसला तर त्याला हातही लावू नका.